होळीनंतर मुरमाड टेकडीवर पानांविना फुललेला हा कांदा कोणता, आणि तो तेथेच का?

चैत्रपालवी (नागपूर)

नमस्कार. काटोल मार्गाला लागून असलेले नवे ले-आउट जेथे संपतात, तेथून पुढे मुरमाड टेकड्यांचा पट्टा सुरू होतो. आम्ही काही मंडळी सकाळी पक्षी पाहण्यासाठी त्या बाजूला जात असतो. तेथील एका उतारावरचे वाळलेले कुसळी गवत होळीच्या सुमारास जळून गेले होते. त्याच काळ्या राखेतून सध्या कमरेपर्यंत पोहोचतील असे सरळ, बोटापेक्षा बारीक दांडे वर आलेले दिसत आहेत. दांड्याला एकही पान नाही. त्याच्या वरच्या अर्ध्या भागात एकमेकांपासून अंतर राखून, केसासारख्या बारीक देठांवर लहान लहान फुले खाली मान घालून लोंबतात. फुलाला मळकट पांढऱ्या रंगाच्या सहा पाकळ्या असून प्रत्येक पाकळीच्या मध्यावरून हिरवट तपकिरी रेघ गेलेली आहे. खालच्या फुलांची तीन धारांची हिरवी बोंडे झाली आहेत, मधल्या भागात फुले आहेत आणि टोकाला अजून कळ्या आहेत. ऊन वर आल्यावर गेलो, तर बहुतेक फुले मलूल झालेली असतात.

मुरूम काढण्यासाठी कोणीतरी उतार कापला आहे आणि त्या कापाच्या कडेला एक कांदा उघडा पडलेला दिसला. तो मुठीएवढा, पांढऱ्या पाकळ्यांचा आणि घरातल्या कांद्यासारखाच आहे, परंतु त्याला कांद्याचा वास मुळीच येत नाही. तेथील गुराखी त्याला रानकांदा म्हणतात. आमच्यातील एका सदस्यांचे म्हणणे आहे की हरभऱ्याच्या शेतात उगवणारे पियाजी नावाचे तण ते हेच.

ही वनस्पती नेमकी कोणती, भर उन्हाळ्याच्या तोंडावर ती पानांशिवाय का फुलते, ती येथे मुळातच आहे की कोठून आलेली आहे, आणि मुरूम काढणाऱ्यांच्या हाती लागण्याआधी तिचे काही कांदे घरच्या बागेत आणून लावावेत का, या गोष्टी जाणकारांनी कृपया सांगाव्यात.

निवृत्त_अध्यापक

चैत्रपालवीताई, आपले वर्णन इतके नेमके आहे की ओळखण्यास छायाचित्राची गरज भासली नाही. हा रानकांदाच होय. काही भागांत त्याला कोळकांदा म्हणतात आणि संस्कृत ग्रंथांत तो वनपलांडू या नावाने येतो. शास्त्रीय नाव ड्रिमिया इंडिका. जुन्या पुस्तकांत तो अर्जिनिया इंडिका या नावाखाली सापडेल, कारण रॉक्सबर्ग यांनी त्याला प्रथम सिला या प्रजातीत ठेवले होते, पुढे तो अर्जिनियात गेला आणि 1977 मध्ये ड्रिमियात आला. कूळही बदलले. आमच्या विद्यार्थिदशेत तो लिलीच्या कुळात शिकवला जाई, आता त्याला शतावरीच्या कुळात धरतात. जुनी व नवी पुस्तके एकत्र चाळताना गोंधळ होऊ नये म्हणून हा तपशील दिला.

हरभऱ्याच्या शेतातील पियाजी पूर्णपणे वेगळी आहे. ती ॲस्फोडेलस वर्गातील एका हंगामाची वनस्पती असून रब्बी पिकाबरोबर उगवते, फुले व बी धरते आणि मरून जाते. तिची पाने पोकळ, गोल, कांद्याच्या पातीसारखी असतात व ती फुलांच्या वेळीही हिरवी असतात. उपटून पाहिल्यास खाली मुळांचा झुबका निघतो, कांदा निघत नाही. रानकांद्याची पाने चपटी, पट्टीसारखी, वीतभर ते हातभर लांब असतात, परंतु ती पावसाळ्यातच पाहायला मिळतात. आता जेथे दांडा उभा आहे, त्या जागेची खूण करून ठेवावी आणि जुलैमध्ये पुन्हा तेथे जावे. त्याच ठिकाणी जमिनीलगत पानांचा झुबका दिसेल आणि फुलाचा मागमूसही नसेल. पाने आणि फुले कधीच एकत्र भेटत नसल्यामुळे ही एकच वनस्पती आहे हे अनेकांच्या लक्षात येत नाही, आणि वनस्पतींच्या नोंदी करणाऱ्यांचीही येथे पंचाईत होते.

ती पानांशिवाय का फुलते, या आपल्या प्रश्नाचे उत्तर नागपूरच्या ऋतुचक्रात आहे. आपल्याकडे वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो आणि उरलेले आठ महिने मुरमाड टेकडी कोरडी असते. या चार महिन्यांत रानकांदा फक्त पानांचे काम करतो, म्हणजे अन्न तयार करून ते कांद्याच्या पाकळ्यांत साठवतो. दिवाळीच्या आसपास पाने वाळतात आणि त्यानंतर जमिनीच्या वर काहीही उरत नाही. फेब्रुवारी ते मे या काळात त्या साठ्यावर दांडा, फुले, बोंडे व बी असा सगळा प्रपंच होतो. त्यासाठी त्याला नव्या पावसाची गरज नसते. याच्या भूमध्य समुद्राकाठच्या भावंडाचा, म्हणजे ड्रिमिया मॅरिटिमाचा कांदा मातीतून काढून नुसता फळीवर ठेवला, तरी वेळ आली की दांडा काढतो, हे प्रसिद्धच आहे.

हे भावंड आणखी एका कारणासाठी लक्षात घेण्यासारखे आहे. भूमध्य समुद्राच्या प्रदेशात पाऊस हिवाळ्यात पडतो आणि उन्हाळा कोरडा जातो. तेथील रानकांदा उन्हाळा सरताना, ऑगस्ट ते ऑक्टोबरच्या दरम्यान पानांविना फुलतो आणि पाऊस सुरू झाला की पाने काढतो. आपला वसंतात फुलतो, त्यांचा शरदाच्या तोंडावर. पंचांग निराळे असले, तरी दोघांचा हिशेब एकच आहे: कोरड्या ऋतूच्या उत्तरार्धात फुलायचे आणि पाऊस येण्याच्या सुमारास बी मोकळे करायचे. म्हणून याला वसंताचे फूल म्हणताना त्याची दृष्टी मृगाकडे लागलेली असते, हे विसरू नये.

बियांकडे पाहिले की हे अधिक स्पष्ट होते. मे महिन्यात बोंडे वाळून तीन भागांत उकलतात. आत काळ्या, कागदासारख्या पातळ, चपट्या बियांची चळत असते आणि प्रत्येक बीच्या कडेला पंखासारखी झालर असते. दांडा तोवर वाळून ताठ झालेला असतो. मेच्या वाऱ्याने तो हलला की बिया उडतात. हेच काम सप्टेंबरात करायचे ठरवले असते, तर भोवती छातीपर्यंत गवत उभे असते, बी गवतातच अडकून पडले असते आणि रुजले तरी पुढे आठ महिन्यांचा कोरडा काळ वाट पाहत असता. मेअखेर पडलेल्या बीला मात्र दोन-तीन आठवड्यांत पाऊस मिळतो आणि कांदा धरायला संपूर्ण पावसाळा हाती असतो.

ती येथलीच आहे का, असे आपण विचारले आहे. होय. आफ्रिकेचा उष्ण प्रदेश, भारत आणि पूर्वेकडे म्यानमारपासून व्हिएतनामपर्यंत हिचा नैसर्गिक विस्तार आहे. भारतात ती कोरड्या माळांवर, पानगळीच्या विरळ जंगलात आणि समुद्रकाठच्या वाळूतही वाढते.

कुसळी

सरांच्या उत्तरात अधिवासाविषयी थोडी भर घालतो. विदर्भात जिला आपण बरड म्हणतो, म्हणजे मातीचा थर पातळ, खाली मुरूम आणि त्याखाली खडक, ती जागा याच्या पसंतीची आहे. नागपूर शहर दख्खनच्या काळ्या पाषाणाच्या पूर्व कडेवर वसलेले आहे. सेमिनरी हिल्स, सीताबर्डीची टेकडी आणि आपण म्हणता तो काटोलकडील पट्टा या पाषाणावर येतो, तर कामठीकडे वालुकाश्म आणि रामटेक-मनसरच्या बाजूला त्याहून कितीतरी जुने रूपांतरित खडक लागतात. माझ्या पाहण्यात रानकांदा दोन्हीकडे आहे, त्यामुळे खडकाच्या जातीशी त्याचे फारसे देणे-घेणे नसावे. पाणी मुळाशी तुंबता कामा नये, एवढीच त्याची अट दिसते. म्हणूनच टेकडीच्या उतारावर तो भरपूर असतो आणि त्याच टेकडीच्या पायथ्याशी काळी माती सुरू झाली की एकदम दिसेनासा होतो. पावसाळ्यात काळी माती पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. कांद्याला या दोन्ही गोष्टी मानवत नाहीत.

आपल्या उतारावरच्या आगीबद्दलही लिहायला हवे. मोहफुले वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा जाळतात आणि तेथून आग पुष्कळदा गवतात शिरते. कधी ती विडीच्या थोटकाने लागते. गवताची आग झर्रकन पुढे सरकते. तिची धग जमिनीत खोलवर जात नाही, त्यामुळे खाली असलेला कांदा सुखरूप राहतो. वर उभा असलेला दांडा मात्र आगीत सापडला, तर त्या वर्षाचे बी गेले. फेब्रुवारीच्या आधी लागलेली आग आणि एप्रिलमध्ये लागलेली आग यांत रानकांद्याच्या दृष्टीने एवढे मोठे अंतर आहे. आग सगळी सारखीच वाईट किंवा सारखीच चांगली, असे सरसकट बोलणाऱ्यांशी म्हणूनच माझे जमत नाही.

गुराढोरांची चिंता नसावी. शेळ्यासुद्धा याला सहसा तोंड लावत नाहीत.

आयुर्वेद_अभ्यासक

शेळ्या तोंड लावत नाहीत, त्याचे कारण माणसांनीही नीट लक्षात घ्यावे, म्हणून लिहीत आहे. या कांद्यात हृदयावर परिणाम करणारी ग्लायकोसाइड द्रव्ये असतात. प्रोसिलॅरिडिन हे त्यांपैकी एक. डिजिटालिस या सुपरिचित औषधाशी त्यांच्या क्रियेचे जवळचे साम्य आहे, म्हणजे ती हृदयाच्या आकुंचनाचा जोर वाढवतात आणि ठोक्यांची गती कमी करतात. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडे असते. मात्रा थोडी ओलांडली की मळमळ व उलट्या होतात, त्याहून अधिक गेल्यास नाडी मंद व अनियमित होऊन जीव धोक्यात येतो. भूमध्य समुद्राकाठच्या जातीच्या लाल प्रकारापासून उंदीर मारण्याचे विष बनवत असत, यावरून कल्पना यावी.

कफ सुटण्यासाठी खोकल्याच्या औषधात रानकांद्याचा अल्प मात्रेत वापर झालेला आहे, आणि युरोपातून येणाऱ्या कांद्याला पर्याय म्हणून भारतीय कांदा औषधनिर्मितीत मान्यताही पावला होता. परंतु ते शोधन केलेले, मात्रा मोजलेले औषध होते. रानातून कांदा आणून, किसून, मधात घालून घेणे म्हणजे खोकल्यासाठी हृदय पणाला लावणे आहे. समाजमाध्यमांवर मुतखडा, सांधेदुखी आणि केसगळतीसाठी याच्या कृती फिरत असतात, त्यांच्या वाटेस कोणीही जाऊ नये. हृदयविकाराची औषधे चालू असणाऱ्यांनी तर मुळीच जाऊ नये.

आणखी एक सूचना. कापलेल्या कांद्याचा चीक कातडीला लागला की आग होते व खाज सुटते, कारण त्याच्या पेशींत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात. मुरमाच्या कापातील तो उघडा कांदा लहान मुलांच्या हाती लागू देऊ नये.

चैत्रपालवी

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सरांनी सांगितल्याप्रमाणे जागेची खूण करून ठेवते. माझा शेवटचा प्रश्न मात्र अनुत्तरित राहिला. त्या उतारावरून मुरूम जाणे चालूच आहे आणि त्यापलीकडच्या भागात वृक्षारोपणासाठी ओळीने खड्डे खणलेले आहेत. खड्ड्यांबाहेर टाकलेल्या मातीतही दोन-तीन कांदे दिसले. ही जमीन झुडपी जंगल म्हणून नोंदलेली आहे, असे गावातील मंडळी सांगतात. अशा परिस्थितीत कांदे बागेत हलवणे योग्य होईल की नाही?

बरडमाती

ताई, हलवण्याच्या प्रश्नाआधी खड्ड्यांविषयी बोलतो, कारण माझ्या मते या वनस्पतीला मुरमाच्या ट्रॅक्टरइतकाच धोका त्या खड्ड्यांपासून आहे.

पूर्व विदर्भातील नागपूर, वर्धा, भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या सहा जिल्ह्यांत झुडपी जंगल या नावाने नोंदलेल्या जमिनी आहेत. या जमिनी वन आहेत की महसुली पडीक, हा वाद अनेक वर्षे चालला. सर्वोच्च न्यायालयाने 22 मे 2025 रोजीच्या निकालात, वन कशाला म्हणावे याविषयीच्या गोदावर्मन प्रकरणातील 12 डिसेंबर 1996 च्या आदेशाला अनुसरून, या जमिनी वन मानल्या पाहिजेत असे सांगितले. आपल्या उताराची सातबाऱ्यावरील नोंद तलाठी कार्यालयातून पाहून घ्यावी. तशी नोंद असल्यास तेथून परवानगीशिवाय मुरूम काढण्याबाबत वन विभागाकडे आणि तहसीलदारांकडे लेखी तक्रार करता येते. तोंडी सांगून काही होत नाही, हे आपण सर्व जाणतोच.

वन ठरले म्हणजे प्रश्न सुटला, असे मात्र मी समजत नाही. आपल्याकडे वन म्हटले की खड्डे खणून रोपे लावायची, असे समीकरण झाले आहे, आणि मोकळा गवताळ उतार दिसला की तो उजाड समजून तेथे शिसू, करंज, ग्लिरिसिडिया जे मिळेल ते लावले जाते. हा उतार उजाड नाही. तेथे कुसळी, पवन्या आणि मारवेल ही गवते आहेत, पावसाळ्यात तेथे मुसळी, सिला आणि जमिनीवरच्या आमरी (ऑर्किड) उगवतात, आणि वसंतात रानकांदा. या सर्वांना लागणारा उजेड दाट सावलीत मिळणार नाही. धावडा, सालई, पळस, तेंदू अशी विरळ झाडे तेथे पूर्वीपासून असतील आणि ती रानकांद्याच्या आड येत नाहीत, कारण ती विरळ असल्याने पावसाळ्यात त्याच्या पानांपर्यंत उजेड पोहोचतो. झाडांची दाट लागवड झाली, तर मात्र काही वर्षांत कांद्याला पावसाळ्यातला उजेड कमी पडून त्याचा साठा घटत जाईल आणि आधी फुले, मग पाने दिसेनाशी होतील. वृक्षारोपणाला विरोध केला की लोक आपल्याकडे संशयाने पाहतात, हा अनुभव आपल्यालाही येईल. तरीही लेखी हरकत द्यावी आणि सोबत फुलांची, गवताची व खड्ड्यांतून निघालेल्या कांद्यांची छायाचित्रे जोडावीत.

दुसरा उपयोगी मार्ग ग्रामपंचायतीतून जातो. जैविक विविधता अधिनियम, 2002 नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही असते. अनेक गावांत ही वही एकदाच भरून कपाटात ठेवलेली आढळते, परंतु नवी नोंद करण्यास कोणीही आडकाठी करीत नाही. रानकांद्याची जागा, फुलण्याचा काळ आणि गुराख्यांनी सांगितलेली माहिती तिच्यात आली, तर पुढच्या खेपेस त्या उताराला पडीक म्हणणाऱ्याला कागद दाखवता येईल.

आता हलवण्याविषयी. जमिनीत सुखाने असलेला कांदा उपटू नये. फुलावर असताना उपटल्यास साठा खर्ची पडलेला असतो आणि त्या वर्षाचे बीही जाते. शिवाय संरक्षित क्षेत्रातून, म्हणजे पेंच, बोर किंवा उमरेड-करांडला येथून कोणतीही वनस्पती काढणे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, 1972 नुसार गुन्हा आहे, आणि झुडपी जंगलही वन ठरल्यावर तेथून कांदे आणणे आपल्याच तक्रारीला दुबळे करणारे होईल. खड्ड्याबाहेर फेकलेले जे कांदे आहेत, त्यांना त्याच उतारावर थोड्या अंतरावर, खड्ड्यांच्या ओळीबाहेर, शेंडा वर ठेवून पुन्हा मुरमात पुरावे. हातमोजे घालावेत. पाणी घालू नये.

निवृत्त_अध्यापक

बरडमाती यांच्या सूचनांशी मी सहमत आहे. एवढेच सुचवतो की कुसळी गवत तेथे वाढलेच, तर आगीच्या ऋतूत वन कर्मचाऱ्यांशी आधी बोलून जाळरेषेची, म्हणजे आग अडवण्यासाठी आधीच साफ केलेल्या पट्टीची सोय व्हावी. एप्रिलमधली आग टळली, तर बी वाचेल.

चैत्रपालवी

नोंद पाहण्यासाठी या आठवड्यात तलाठी कार्यालयात जाणार आहोत आणि हरकतीचा मसुदा आमच्या मंडळातील वकील सदस्य तयार करीत आहेत. बागेत कांदे आणण्याचा विचार सोडला. थोडे बी आणून कुंडीत रुजवण्यास काही हरकत आहे का? आमच्या शाळेतील मुलांना पाने आणि फुले वेगवेगळ्या ऋतूंत येताना दाखवता आली असती.

कुसळी

जमिनीची नोंद काय निघते ते आधी पाहावे. ती वनजमीन निघाली, तर बीसाठीही परिक्षेत्र कार्यालयातून लेखी अनुमती घ्यावी. शाळेच्या नावाने अर्ज केल्यास अडचण येऊ नये. खासगी बरडावरही रानकांदा असतो, तेथे शेतमालकाला विचारले की पुरते.

मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात, बोंडे उकलू लागली की एखाद्या दांड्यावरची दोन-तीन बोंडे कागदाच्या पाकिटात झटकावीत. सगळा दांडा रिकामा करू नये. बी साठवून ठेवू नये, त्याच पावसाळ्यात लावावे. पसरट कुंडीत दोन भाग बारीक मुरूम, एक भाग जाड वाळू आणि एक भाग माती असे मिश्रण भरावे, तळाची छिद्रे मोकळी राहतील हे पाहावे आणि बी वरच पसरून त्यावर वाळूचा नखभर थर द्यावा. पहिल्या वर्षी गवताच्या काडीएवढे एकच पान येईल, ते तण समजून उपटले जाण्याचा धोका शाळेत फार असतो, म्हणून कुंडीवर पाटी लावावी. फुले यायला काही वर्षे लागतात, हे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे. दिवाळीनंतर पान पिवळे पडू लागले की पाणी पूर्ण बंद करावे आणि नवतपा, म्हणजे मेअखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस, संपेपर्यंत कुंडी उन्हात तशीच कोरडी राहू द्यावी. उन्हाळ्याच्या सुटीत शिपाईकाका सर्व कुंड्यांना पाणी घालतात, त्यांना एवढी एक कुंडी वगळायला सांगावे.